विचारा बाईंना : वर्गात चार भाषा, मग लेकरू शिकंल कसं?

या वेळचा पत्रांचा गठ्ठा उघडला तर निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावर निघाली. मनपाच्या नाहीतर सरकारी हायस्कूलमध्ये सगळ्या भाषांची, सगळ्या धर्माची पोरं एकत्र असतात, तिथं आपलं लेकरू टाकावं का, आणि टाकलं तर तिथं नेमकं काय शिकवतात. आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात म्हणून अजून थोडे दिवस हाताशी आहेत, तर या अंकात एवढंच घेते, बाकीची पत्रं पुढच्या महिन्यात. नवीन वाचकांसाठी सांगते, मी ३१ वर्षं नागपुरात मनपाच्या शाळांमध्ये गणित शिकवलं, त्यातली १९ वर्षं अशा एका इमारतीत की जिथं खाली उर्दू माध्यम, पहिल्या मजल्यावर हिंदी आणि वरती मराठी, आणि मधल्या सुट्टीत सगळे एकाच नळावर.

बाई, माझा मोठा आठवी पास झाला, आमच्या वस्तीतली शाळा आठवीपर्यंतच आहे. जवळच्या मनपाच्या हायस्कूलमध्ये टाकतो म्हणते तर जाऊबाई म्हणते तिथं सगळ्या तऱ्हेची पोट्टे येतात, हिंदीवाले, उर्दूवाले, बाहेरून आलेले, तुझं पोरगं वाया जाईन. मी चार घरची कामं करते, प्रायव्हेटची फी झेपत नाही. धाकटी सातवी पास आहे, तिचंही पाहायचं आहे. काय करू?
— एक आई, टेकानाका

ताई, आधी जाऊबाईंच्या बोलण्याबद्दल. आपलं नागपूर सगळ्या तऱ्हेच्या लोकांनीच उभं केलेलं आहे हो. गोंड राजा बख्त बुलंदनं वसवलं, मग भोसले आले, इंग्रजांच्या काळात मध्य प्रांताची राजधानी झालं, १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली, रेल्वे आली, तिच्यासोबत बंगाली आले, तेलुगू आले, मोमीनपुऱ्यात उत्तरेकडून विणकर येऊन राहिले, फाळणीनंतर सिंधी मंडळींनी जरीपटका वसवला. १९५६ पर्यंत तर आपण ज्या राज्यात होतो तिथं हिंदी आणि मराठी दोन्ही भाषांत कारभार चालायचा, म्हणूनच तर इथं हिंदी शाळा एवढ्या जुन्या आहेत. तुमच्या पोराला पुढं नोकरी इथंच करायची आहे, दुकान इथंच टाकायचं आहे, तर ज्या माणसांसोबत आयुष्य काढायचं त्यांच्यासोबत तो चौदाव्या वर्षीच बसला तर त्यात बिघडण्यासारखं मला तरी ३१ वर्षांत काही दिसलं नाही. पोरं बिघडताना मी पाहिलेली आहेत, आणि दरवेळी त्याचं कारण एकच निघालं, शाळेत तास होत नव्हते किंवा घरी कोणी विचारत नव्हतं.

म्हणून शाळा पाहायला जा आणि हेच पाहा. सकाळी साडेदहाला नका जाऊ, दुपारी तीनला जा, कारण शेवटच्या तासांनाच कळतं की शिकवणं खरं चालू आहे की नाही. गणित, विज्ञान आणि इंग्रजीला नववी-दहावीसाठी शिक्षक आहेत का हे सरळ मुख्याध्यापकांना विचारा, जागा रिकामी असेल तर कोण शिकवतं ते विचारा. प्रयोगशाळेचं दार उघडायला लावा, टेबलावर धूळ असेल तर समजून जा. मुलींच्या संडासाला पाणी आहे का पाहा. दहावीचा मागच्या तीन वर्षांचा निकाल विचारा. शिपायाला नाही, मुख्याध्यापकांनाच विचारायचं, आणि संकोच करायचा नाही, तुमचा हक्क आहे.

अभ्यासक्रमाचं म्हणाल तर पोरगा महागड्या प्रायव्हेटमध्ये गेला काय आणि मनपाच्या हायस्कूलमध्ये गेला काय, राज्य मंडळाची शाळा असेल तर दहावीचा पेपर एकच असतो. एकूण ६०० मार्क. तीन भाषा प्रत्येकी १००, त्यात ८० लेखी आणि २० शाळेतले. गणिताचे दोन पेपर, बीजगणित ४० आणि भूमिती ४०, वरचे २० अंतर्गत. विज्ञान १ आणि २ तसेच, ४० आणि ४०, वरती प्रॅक्टिकलचे २०. मग इतिहास-राज्यशास्त्र आणि भूगोल. टक्केवारी काढताना सगळ्यात चांगले पाच विषय धरतात, म्हणजे एक विषय कच्चा राहिला तरी पोरगा संपला असं होत नाही. आणि त्याला चित्रकलेची आवड असली तर एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या दोन परीक्षा दहावीच्या आधी द्यायला लावा, इंटरमीजिएटला ए ग्रेड मिळाली की दहावीत ७ मार्क वाढतात, बी ला ५, सी ला ३. कित्येक आयांना हे माहीतच नसतं आणि पोरगं मात्र घरी भिंती रंगवत बसलेलं असतं.

आता धाकटीचं, आणि हे नीट वाचा कारण इथं पैशाचा प्रश्न आहे. ती आता आठवीत जाते, आठवीतच एनएमएमएस नावाची शिष्यवृत्तीची परीक्षा असते. ही परीक्षा फक्त सरकारी, मनपा-जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांतल्या पोरांसाठी आहे, विनाअनुदानित प्रायव्हेटवाल्यांना बसताच येत नाही. पास होऊन यादीत नाव आलं तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांचे ४८,०००. अट अशी की आईवडिलांचं मिळून उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत पाहिजे आणि सातवीत निदान ५५ टक्के, अनुसूचित जाती-जमातीला ५० चालतात. पेपर दोन, ९० मार्कांचा बुद्धिमत्तेचा आणि ९० मार्कांचा शाळेच्या विषयांचा. महाराष्ट्राला ११,६८२ जणांचा कोटा आहे. मराठा-कुणबी घरातलं लेकरू परीक्षा पास झालं पण कोट्यात आलं नाही तर सारथी संस्थेची वेगळी शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ९,६००. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, तहसीलला गर्दी व्हायच्या आधी. शाळेला विचारा की मागच्या वर्षी या परीक्षेला किती पोरं बसवली. ज्या शाळेनं एकही बसवलं नाही तिथं तुम्हीच आठ-दहा आया मिळून जा आणि फॉर्म भरायला लावा, मी खरंच सांगते, आया उभ्या राहिल्या की शाळा हलते.

आदाब बाई. मी उर्दू माध्यमात नववीत आहे, सगळे विषय मस्त जातात पण मराठीच्या पेपरात माझे हातपाय गार पडतात. क्लासमध्ये वाचायला उभं केलं की मराठी माध्यमाची पोरं खिडकीतून हसतात. माझे अब्बू म्हणतात दहावीत मराठी राहिली तर पूर्ण साल जाईल. मराठी सोडून दुसरं काही घेता येतं का?
— एक विद्यार्थिनी, हसनबाग

बेटा, आधी एक गोष्ट, तू हे पत्र मराठीत लिहिलंस आणि मला कुठेही अडखळायला झालं नाही. ते आधी अब्बूंना वाचून दाखव.

सोडता येईल का तर नाही, २०२० च्या कायद्यानं महाराष्ट्रात सगळ्या माध्यमांना मराठी शिकणं सक्तीचं आहे. पण तुझी मराठी आणि मराठी माध्यमाच्या पोरांची मराठी एक नाही हे तुला कोणी सांगितलं का? त्यांना प्रथम भाषा म्हणून कुमारभारती हे पुस्तक असतं, दुसरी भाषा म्हणून मराठी घेणाऱ्यांना अक्षरभारती, ती सोपी आहे आणि पेपरही तसाच निघतो. कित्येक पोरं बाजारातून चुकीचं गाईड आणतात आणि कुमारभारतीचे प्रश्न पाहून रडत बसतात, तू आधी गाईडचं कव्हर तपास.

पेपरात सगळ्यात हमखास मार्क उपयोजित लेखनात असतात, पत्र, जाहिरात, बातमी, गोष्ट. याचे साचे ठरलेले आहेत, आठवड्याला एक लिहिलंस तरी दिवाळीपर्यंत हात बसतो. आणि २० मार्क शाळेतले, तोंडी आणि स्वाध्यायाचे, ते तर तुझ्याच हातात आहेत.

तुझ्यासारख्या पोरी नेमक्या कुठं अडकतात ते मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. एक म्हणजे लिंग. उर्दू-हिंदीत दोनच, मराठीत तीन, म्हणून 'किताब अच्छी' वरून तुम्ही 'पुस्तक चांगली' लिहिता आणि तिथं लाल रेघ येते. ते पुस्तक, ते घर, ते झाड, ते फूल, असे शंभर शब्द 'ते' लावूनच पाठ कर, नुसता शब्द पाठ करू नको. दुसरं म्हणजे दोन्हीकडे सारखे दिसणारे शब्द. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण आणि मराठीत शिक्षा म्हणजे सजा. आमच्याकडे एका मुलीनं निबंधात लिहिलं होतं 'मला खूप शिक्षा पाहिजे', तिला म्हणायचं होतं मला खूप शिकायचं आहे, आणि अख्खा वर्ग हसला, ती पोरगी पंधरा दिवस शाळेत आली नाही. मी तिच्या घरी गेले होते. परत आल्यावर आम्ही तिच्याकडूनच अशा शब्दांची यादी करवून घेतली, खाली, राग, चेष्टा, आई, एका बाजूला मराठी अर्थ आणि एका बाजूला हिंदी-उर्दू, आणि तो तक्ता पाच वर्षं भिंतीवर होता, मराठी माध्यमाची पोरंच तो पाहायला यायची कारण त्यांना हिंदीच्या पेपरात तोच त्रास. तूही तसा तक्ता कर.

आणि तिसरं, ळ. खिडकीतून हसणाऱ्या पोरांबद्दल सांगते. आपल्या वऱ्हाडी-नागपुरी बोलीत घरी डोळ्याला डोया म्हणतात आणि काळ्याला काया, म्हणजे त्या पोरांच्या आज्यांनाही ळ जमत नाही, ती पोरं शाळेतच शिकली. तूही शिकशील. जीभ मागं वळवून टाळूला लाव आणि तिथून सोड, फळ, बाळ, शाळा, रोज दहा वेळा. तुमच्या शाळेत तेलुगू घरची कोणी मुलगी असेल तर तिला विचार, त्यांच्या भाषेत हा आवाज आहे, त्यांना तो जन्मजात येतो.

समज राहिलाच विषय, तर अब्बूंना सांग पूर्ण साल जात नाही. जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते, आणि एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या अटीवर, अकरावीला प्रवेश मिळतो. पण माझं मन सांगतं तुला त्याची गरज पडणार नाही.

मॅडम, मी बालाघाटचा, मिहानकडे बांधकामावर आहे. मुलगी तिकडे हिंदीत सहावी शिकली, टीसी आणली नाही, आता गावी जायला सुट्टी नाही. इथं एका शाळेनं टीसीशिवाय घेत नाही म्हणून परत पाठवलं, जन्माचा दाखलाही मागतात. मुलगी घरी बसून लहान भावाला सांभाळते. (पत्र एका शेजाऱ्यानं लिहून दिलं आहे.)

दादा, उद्याच परत जा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे, १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, त्यात सहा ते चौदा वयाच्या कुठल्याही मुलाला टीसी यायला उशीर झाला म्हणून किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून सरकारी किंवा मनपाच्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. दुसऱ्या राज्यातून आला तरी तेच. वयाप्रमाणे वर्ग द्यायचा आणि जे मागं पडलं असेल त्यासाठी शाळेनं वेगळं शिकवायचं, हेही त्याच कायद्यात आहे. तोंडी भांडू नका, एका कोऱ्या कागदावर प्रवेशाचा अर्ज लिहून द्या आणि त्याच्या झेरॉक्सवर पोच मागा, पोच मागितली की बहुतेक ठिकाणी काम होतं. नाही झालं तर मनपाच्या शिक्षण विभागात तोच कागद घेऊन जा.

हिंदी माध्यमाची मनपा शाळा शोधा, मुलीला विषय नव्यानं शिकावे लागणार नाहीत, फक्त मराठी नवीन राहील. आठवीपर्यंत पुस्तकं फुकट, दुपारचं जेवण शाळेत.

पण टीसी विसरू नका, कारण ही सगळी सवलत आठवीपर्यंतची आहे. नववीत, दहावीच्या फॉर्मला, सगळीकडे तो कागद लागणार, आणि दुसऱ्या राज्यातला असला की त्यावर तिकडच्या शिक्षण अधिकाऱ्याची सहीसुद्धा मागतात. दिवाळीला गावी जाल तेव्हा ते एकच काम आधी करा. आणि हात जोडून सांगते, भावाला सांभाळायची दुसरी सोय बघा, अंगणवाडी आहे, शेजारीण आहे. सातवीत घरी बसलेली मुलगी मी परत शाळेत आलेली फार कमी पाहिली.

माझा मुलगा जवळच्याच एका इंग्लिश मीडियममध्ये सहावीत आहे. फी महिन्याला दीड हजार, त्याला ना धड इंग्रजी येतं ना मराठी, सायन्समध्ये उत्तरं पाठ करतो पण अर्थ विचारला तर गप्प. एका अनुदानित मराठी शाळेत सेमी इंग्रजी आहे. बायको म्हणते लोक काय म्हणतील. मार्गदर्शन करावे.
— एक वडील, मानेवाडा

वहिनींना म्हणावं लोक दहावीचा निकाल पाहायला येतील, तोपर्यंत कोणी येत नाही.

सेमी इंग्रजी म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीत, बाकी सगळं मराठीत. तुमच्या मुलासाठी हे चांगलं आहे असं मला वाटतं, कारण गणित-विज्ञानाचे इंग्रजी शब्द त्याला माहीतच आहेत, ते वाया जाणार नाहीत, आणि इतिहास-भूगोल त्याला पहिल्यांदा समजून वाचता येईल. बदलायचं तर आत्ताच बदला, आठवीनंतर बदललं की मुलाला जड जातं. पण सेमी नुसतं बोर्डावर लिहिलेलं आहे की खरंच चालतं हे पाहा. मी अशा वर्गात बसले आहे जिथं पुस्तक इंग्रजी, फळ्यावर इंग्रजी आणि सर समजावतात हिंदी-मराठीत. पुष्कळ लोक याला नावं ठेवतात, मी ठेवत नाही. समजावणं मुलाच्या भाषेतच व्हायला पाहिजे, फक्त शेवटी मुलानं स्वतः इंग्रजीत दोन वाक्यं लिहिली पाहिजेत, तिथं मात्र सर त्याच्याऐवजी लिहून देत असतील तर गडबड आहे. त्याच्या भावी वर्गातल्या एखाद्या पोराची विज्ञानाची वही मागून पाहा, सगळ्या वह्यांत शब्द न शब्द सारखं उत्तर असेल तर ती पाठांतराची शाळा आहे, मग बदलून फायदा नाही.

मुलगी गावच्या झेडपी शाळेत चौथीत आहे, हुशार आहे. नवोदयबद्दल ऐकलं, तिथं नववीत पोरांना दुसऱ्या राज्यात पाठवतात म्हणे. खरं आहे का? भीती वाटते.
— पारशिवनी तालुका

खरं आहे, आणि मला ती नवोदयची सगळ्यात चांगली गोष्ट वाटते. नवोदय ही केंद्र सरकारची निवासी शाळा, सहावी ते बारावी, सुरुवातीची पहिली दोन विद्यालयं १९८५-८६ मध्ये निघाली त्यातलं एक आपल्या अमरावतीचं. नागपूर जिल्ह्याचं नवेगाव खैरीला, म्हणजे तुमच्याच तालुक्यात. नववीतली सुमारे ३० टक्के पोरं एका वर्षासाठी हिंदी राज्यातून बिगर-हिंदी राज्यात आणि तिकडची इकडे अशी बदलतात. वर्षभर दुसरी भाषा, दुसरं जेवण, दुसरे सण. सगळ्यांना पाठवत नाहीत आणि वर्षानं परत येतात.

सहावीला ८० जागा असतात, परीक्षा पाचवीत असताना द्यायची, किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना आणि एक तृतीयांश मुलींना. तिसरी, चौथी, पाचवी गावच्या शाळेत पूर्ण केलेली पाहिजे तरच ग्रामीण कोट्यात धरतात, म्हणून पाचवीला तिला नागपूरला मावशीकडे वगैरे पाठवू नका, ही चूक पुष्कळ जण करतात.

नमस्कार बाई, मी मागच्या वर्षीच शिक्षिका म्हणून लागले. माझ्या आठवीच्या वर्गात ४६ पोरं, घरी बोलतात मराठी, हिंदी, छत्तीसगढी, उर्दू, तेलुगू. गणित शिकवते. निम्म्या पोरांना शब्दच कळत नाहीत, आणि पोरं आपापल्या बोलीप्रमाणे घोळके करून बसतात. ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं काही कामी येत नाही. काय करू?
— एक नवीन मॅडम

मॅडम, तुमचं पत्र वाचून मला माझंच दुसरं वर्ष आठवलं. पायथागोरसचं प्रमेय शिकवत होते, मी काटकोन म्हणत होते आणि मागच्या बाकावर मध्य प्रदेशातून आलेला एक मुलगा नुसता बघत होता, त्याला प्रमेय अख्खं येत होतं हे मला तीन दिवसांनी कळलं, त्याच्यासाठी तो समकोण होता.

त्यानंतर मी एक सवय लावली. कुठलाही धडा सुरू करायच्या आधी फळ्याच्या उजव्या बाजूला शब्द लिहायचे, आणि मी नाही लिहायचे, पोरांनी येऊन लिहायचे. त्रिकोण, त्रिभुज, मुसल्लस, ट्रँगल. काटकोन, समकोण, जाविया कायमा, राइट अँगल. मूळ संख्या, अभाज्य संख्या, मुफरद अदद, प्राइम नंबर. कर्ण मराठीत आणि हिंदीत एकच निघाला आणि उर्दूत वतर. यात पाच मिनिटं जातात. पण त्या पाच मिनिटांत वर्गातलं सगळ्यात गप्प पोरगं फळ्यापाशी येतं, कारण तो शब्द फक्त त्यालाच माहीत असतो, तुम्हालाही नसतो. आणि पुढं अकरावीला सायन्स घेतलं, सगळं इंग्रजीत आलं, की याच यादीचा उपयोग होतो. माझे कितीतरी विद्यार्थी शब्दांची ती वही कॉलेजात घेऊन गेले.

घोळक्यांचं म्हणाल तर जागा बदलून बसवल्यानं ते मोडत नाहीत, पोरं शरीरानं बाजूला बसतात आणि मनानं तिकडंच राहतात. हातात काम द्यावं लागतं, आणि असं काम की जे एकट्याच्यानं होत नाही. माझ्याकडचं एक सांगते, तुम्हाला पोळ्याच्या वेळी जसंच्या तसं करता येईल.

एका वर्षी उर्दू माध्यमाचे गणिताचे सर लांब रजेवर होते म्हणून वर्तुळाचा धडा दोन्ही माध्यमांना एकत्र, खालच्या हॉलमध्ये शिकवायचा होता. तान्हा पोळा, म्हणजे लहान पोरांचा चाकांच्या लाकडी नंदीबैलांचा पोळा, नुकताच झाला होता. पोळ्याच्या पाडव्याची सुट्टी झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी पोरांना सांगितलं, घरी लाकडी नंदी असेल तो घेऊन या, लहान भावाचा असला तरी आणा. सतरा नंदी आले. एक तर एवढा मोठा होता की दोन भावांनी सायकलवर बांधून आणला, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरं. प्रत्येक नंदीभोवती चार-पाच पोरं, त्यात एक तरी खालच्या मजल्याचा आणि एक तरी वरच्या मजल्याचा. उर्दू माध्यमातल्या काही पोरांनी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबतीची मिरवणूक दरवर्षी पाहिलेली पण नंदी हातात पहिल्यांदाच घेतला होता, ते चाकांपेक्षा त्याचे डोळेच पाहत होते, आणि आमची वरची पोरं सांगत होती की हा आमच्या आजोबांनी कोरला, हा महालच्या बाजारातून घेतला. दहा मिनिटं मी काहीच शिकवलं नाही.

मग दोरा दिला. चाकाभोवती एक वेढा घ्यायचा, दोरा पट्टीवर ठेवायचा, तो परीघ. चाकाच्या मधून आरपार मोजायचं, तो व्यास. एकजण धरणार, एकजण गुंडाळणार, एकजण मोजणार, एकजण लिहिणार. परीघ, परिधि, मुहीत. व्यास, व्यास, कुत्र. लहान चाकाचा व्यास ४ सेंटीमीटर आला, परीघ साडेबारा. दुसऱ्या एका चाकाचा ७ आणि २२. मोठ्या नंदीचा १० आणि साडेएकतीसच्या आसपास. परिघाला व्यासानं भागायला लावलं तर सगळ्यांचं तीन आणि वर थोडंसं. एका गटाचं ३.४ आलं तर बाकीचे गट त्यांच्याकडे धावत गेले, दोरा परत गुंडाळून पाहिला तर चाकाला गाठ आडवी येत होती. पाय (π) ची किंमत मी फळ्यावर लिहायच्या आधी सोळा गटांनी मला सांगितली होती. त्या मुलांना वर्तुळाचं सूत्र मला पुन्हा शिकवावं लागलं नाही, आणि मधल्या सुट्टीत नळावर जे दोन घोळके असायचे ते त्या दिवशी नव्हते, सगळे त्या मोठ्या नंदीला ओढत मैदानावर गेले होते.

रमजानचंही थोडं, कारण तुम्ही विचारलं नाही तरी प्रश्न येणारच. रोजे असतात तेव्हा पीटीचा तास पहिल्या दुसऱ्या तासाला घ्या, दुपारी उन्हात रोजेदार पोरांना पळवू नका. चाचणी परीक्षेची तारीख ठरवताना कॅलेंडरवर ईद, १४ एप्रिल, सिंध्यांचा चेटीचंड, पोळा सगळं आधी खूण करून ठेवा, मुख्याध्यापक विसरतात. आणि डब्यावरून कोणी कोणाला बोललं तर त्याच वेळी, त्याच ठिकाणी थांबवा, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

पोळ्याला अजून वेळ आहे, तोवर शब्दांच्या यादीपासून सुरुवात करा. आणि तो दोरा सुतीच घ्या, शिवणाचा जाड असतो तो, नायलॉनचा ताणला जातो आणि परीघ कमी येतो, मी पहिल्यांदा त्यातच फसले होते.